खोकला ऐकणाऱ्या सिस्टरबाई

सिस्टरबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी मानवतहून परतीच्या जीपमध्ये होते. "परभणीच्या दवाखान्यात... न्युमोनिया..." एवढंच कानावर पडलं. आता दीड महिना होत आला, पण त्या दिवशी जीपमधून कशी उतरले, घरी कशी आले, काही आठवत नाही.

सिस्टरबाई म्हणजे आमच्या गावच्या आरोग्यसेविका. निम्मं आयुष्य इथं नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर यजमानांसह इथंच राहिल्या. मी आशाताई झाले तेव्हा हिवाळ्यात दर आठवड्याला घरोघर जाऊन सर्दी, खोकला, तापाची माणसं टिपायचं काम माझ्याकडे आलं. आकडा वाढू लागला की आरोग्य केंद्राला कळवायचं, म्हणजे लेकरं आणि म्हातारी माणसं वेळेत तपासली जातात. पहिल्याच फेरीत मी दुपारपर्यंत सगळं गाव उरकलं आणि मोठ्या ऐटीत 'निरंक' लिहून सिस्टरबाईंना दाखवायला गेले. त्यांनी कागद पाहिला, चष्मा काढला. "आख्ख्या गावात कुणी खोकत न्हाई? मंग माझ्या खिडकीखाली सकाळपासून कोण खोकायलंय? भूत?"

दुसऱ्या दिवशी त्या स्वतःच माझ्याबरोबर निघाल्या. दिवाळी उलटलेली, घरोघरी खोल्यांमध्ये आढ्यापर्यंत कापूस भरलेला. कुणी आजारी आहे का विचारलं की बाया हसून सांगत, "काई न्हाई वं माय, कापसाची धूळ हाय." सिस्टरबाई वाद घालत नसत. उंबऱ्याशी बसत, समोरच्या शेंगा सोलू लागत, वेचणीच्या गप्पा काढत. थोड्या वेळानं आतून कुणीतरी खोकायचंच. "कापसानं ताप येत न्हाई बाई," म्हणत त्या उठत आणि लेकराच्या कपाळावर हात ठेवत. अशाच एका घरी गोधडीखालच्या तान्ह्या पोरीची घरघर त्यांनी बसल्या जागी ऐकली. तिची छाती आत ओढली जात होती. तासाभरात आम्ही तिला पाथरीला नेलं. ती पोरगी आज अंगणवाडीत जाते आणि मी दिसले की माझी वेणी ओढते. येताना जीपमध्ये सिस्टरबाई म्हणाल्या, "मंगल, माणूस तोंडानं लपवतंय. छातीला लपवता येत न्हाई. तू नुस्ती इचारू नको, बस."

मी बसायला शिकले. त्यांच्या शिव्याही पुष्कळ खाल्ल्या. माझ्या चहाला त्या काढा म्हणत, आणि दोन कप पीत. मला आई नाही, हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. पण मला ताप आला तर माझ्या घरी येऊन बसणाऱ्या त्या एकट्याच होत्या.

या हिवाळ्यात गावात खोकल्याची साथच आली. त्या सोमवारी अर्धं गाव उरलेलं, संध्याकाळी यादी पाठवायची, मी घाईत. सिस्टरबाई तोंडाला पदर लावून दारात उभ्या होत्या.

"सिस्टरबाई, बरं हाय ना?"

"मला काय धाड भरलीय? जा, तुझी घरं ऱ्हायली असतील."

उभ्या उभ्याच मी यादीत त्यांच्या घरापुढं शून्य मांडलं आणि पुढं गेले. शुक्रवारी त्यांना परभणीला हलवलं, त्या परत आल्या नाहीत... ज्या बाईनं मला बसायला शिकवलं, तिच्याच दारात मी बसले नाही. चार दिवस आधी कळलं असतं तर? हा प्रश्न मला घास गिळू देत नव्हता.

तेराव्यानंतर त्यांच्या यजमानांना, अण्णांना, मी रडत सगळं सांगून टाकलं. अण्णा म्हणाले, "तू दारात व्हतीस तवर तिनं खोकला दाबून धरला. तू गल्ली ओलांडलीस अन् लय खोकली. मी रागावलो, तर म्हणली, पोरीला कळलं असतं तर ती माझ्यापाशीच बसली असती. बाकीची लेकरं ऱ्हायली असती."

मला अजून त्यांचा राग येतो. असं करायचं असतं का, सिस्टरबाई?

आता माझी फेरी अण्णांच्या घरापासून सुरू होते. त्यांना खोकला नाही, हे थोड्या वेळातच कळतं. मी उठते मात्र अर्ध्या तासानं.