रेडिओवर शिव्या खाणारा मुलगा

ग्लासगोत डॉक्टरकी करताना माझ्या नवऱ्याने कधी निळा टाय घातला नाही, की हिरवा. इथल्या दोन मोठ्या फुटबॉल क्लबांपैकी एकाचा रंग निळा, दुसऱ्याचा हिरवा. उगीच पेशंट बिथरायला नकोत. आम्ही असे जन्मभर अंग चोरून राहिलो आणि आमच्या चिरंजीवांनी नोकरी कुठे धरावी? तर शहराच्या स्पोर्ट्स रेडिओवर! शनिवारी मॅच संपली की लोक फोन करून भडास काढतात आणि हा ती ऐकून घेतो. त्याचा पगार त्याला मिळतो.

त्या शनिवारी दोन्ही क्लब समोरासमोर होते. रेफरीने दिलेली पेनल्टी चुकीची होती, असं हा बोलून गेला. झालं! मी रेडिओ लावून पोळ्या लाटत होते. फोनवर फोन. एक म्हणाला, तू विकला गेलास. दुसरा म्हणाला, आंधळा आहेस. तिसरा म्हणाला, "क्रिकेटवाल्यांना काय कळतंय फुटबॉलमधलं?" माझ्या मुलाचा जन्म इथला, शाळा इथली, बॅट कधी धड हातात धरली नाही. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. गॅस बंद केला आणि रेडिओचा नंबर लावला.

फोन घेणाऱ्या मुलीने विचारलं, "तुमची टीम कोणती?"

"कुठलीच नाही. तो चांगला मुलगा आहे, एवढंच सांगायचंय."

"तुम्ही त्याच्या आई का?"

"हो."

"तुम्हाला ऑन एअर घेतलं ना, तर उद्यापासून लोक त्याला जगू देणार नाहीत," ती हळूच म्हणाली आणि सॉरी म्हणून तिने फोन ठेवला.

तिचं बरोबर होतं, म्हणून आणखी चीड आली. नवरा आतून म्हणाला, "अगं, बंद कर तो रेडिओ." तेही जमेना. बंद केला तर त्याला तिथे एकटं सोडल्यासारखं झालं असतं.

तोवर कुणीतरी क्रिकेटवरून आणखी एक विनोद केला होता आणि हा मोठ्याने हसत होता. ते हसणं मला माहीत आहे. लस टोचताना रडू येऊ नये म्हणून तो अस्साच हसायचा. तेव्हा मी त्याला मांडीत घट्ट धरून बसायचे. आता मी ओट्याशी नुसती उभी होते, आणि तो पुढच्या माणसाला म्हणत होता, "बोला, तुम्हाला काय सुनावायचंय मला?"