दुपारी कापलेली मुळं

रोह्याच्या एका कॉलेजात, वनस्पतिशास्त्राच्या लॅबमध्ये कृष्णाबाई एकोणीस वर्षं शिपाई आहे. पेणहून येते. ग्लासांच्या तोंडावर कांदे बसवून मुळं फुटवायची आणि सकाळी नवाच्या सुमाराला त्यांची टोकं कापून औषधात टाकायची. त्या वेळी पेशी विभागत असतात. गुणसूत्रं मधोमध रांगेला लागतात, बारीक धागे त्यांना दोन बाजूंना ओढतात, आणि औषध पडलं की सगळं तिथल्या तिथं थांबतं. दुपारी कापलं तर पेशी नुसत्या स्वस्थ पडलेल्या. हे तिनं मायक्रोस्कोपला डोळा लावून स्वतःच ओळखलं होतं.

यंदा तिची मुलगी मृणाली इथंच शेवटच्या वर्षाला. प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी कृष्णाबाईनं मृणालीपुरती मुळं सकाळी कापली. बाकी अकराजणींची दुपारी.

बाहेरून आलेले परीक्षक मृणालीच्या टेबलाशी वाकले. "छान. दोन्हीकडं ओढली गेलेली स्पष्ट दिसताहेत. हात चांगला आहे तुझा."

कृष्णाबाई काचा पुसत राहिली.

शेजारी अरीबा तिसरी स्लाइड करत होती. काचेवर दाबून दाबून तिचा अंगठा रंगानं लाल झाला होता.

"काय गो, दिसतंय का?"

"नाय मावशी. एक पेशी हलायला तयार नाय." मग ती हळूच म्हणाली, "माझाच हात जड हाय. तुमची एवढी मुळं फुकट घालवली."

ते कांदेसुद्धा अरीबानंच घरून आणून दिले होते, बाजारच्यांना मुळं फुटेनात म्हणून. कृष्णाबाईला तिच्याकडं बघवेना. परीक्षक मार्क लिहायला बसले तशी ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"सर, पोरींचं काय चुकलं नाय. मुळं मी दुपारी कापली."

"मग हिची?"

"ती सकाळची."

"ही कोण तुमची?"

"मुलगी."

सकाळच्या मुळांतली उरलेली टोकं परीक्षकांनी सगळ्यांना वाटली, मृणालीलाही नव्यानं करायला लावली. अरीबाला पहिल्याच स्लाइडमध्ये दिसलं. मृणालीचा अंगठा सरकला आणि काच तडकली.

स्टँडवर पेणची एसटी लागली होती. कृष्णाबाई चढायला गेली तर मृणाली दारातच वळली.

"मी सांगितलं होतं तुला?"

"नाय."

"मला येत होतं, आई. आता कोणाला खरं वाटेल?"

कृष्णाबाईनं गाडीच्या पायरीवर पाय ठेवला.

"तू मागच्या गाडीनं ये," मृणाली म्हणाली आणि आत जाऊन पलीकडच्या खिडकीशी बसली.