चुकीचं पळून दाखवणारी

"सगळ्यांनी हिच्याकडे बघा. असं पळायचं नाही."

महाडच्या कॉलेजचं मैदान. रांगेत उभी मुलं-मुली. खेळाच्या सरांनी मला एकटीला पळायला लावलं होतं. मी पळाले. मान ताठ, हात अंगाला चिकटलेले, प्रत्येक पावलाला टाच आधी आपटणारी.

"डोक्यावर हंडा आहे असं वाटतं की नाही? सांडू नकोस गं!"

सगळे हसले. मीही हसले. 

हंडा खराच होता. आमचं गाव पोलादपूरच्या वर, डोंगरात. गावात नळ आला, पण पाइप आमच्या बौद्धवाडीच्या अलीकडेच संपला. आम्ही खालच्या झऱ्यावरून पाणी आणतो. रिकामा हंडा घेऊन उतरताना टाच रोवली नाही तर घसरायला होतं. भरलेला घेऊन चढताना मान हलली तर पाणी जातं. लहानपणापासून अंगाला तेच वळण. सरांना हे माहीत होतं. पहिल्या दिवशी त्यांनी आपुलकीनं विचारलं आणि मीच सगळं सांगितलं.

पुढे ती रीतच झाली. नवीन मुलं आली की मला बोलावणं. "दाखव त्यांना." बरोबर कसं पळायचं, ते मला मात्र कुणी शिकवलं नाही. नाही म्हणायची हिंमत नव्हती. विद्यापीठाच्या स्पर्धेचा संघ सरच निवडणार होते आणि मला त्या संघात जायचं होतं. घरातून कॉलेजात आलेली मी पहिली. इथून परत पाठवतील, ही भीती कायम.

आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती.

"कशाला नाचतेस गो त्यांच्या पुढ्यात? माकडीन हायस काय?"

"मग संघात घेणार नाहीत."

"नाय घेनार तर नाय घेनार."

हिला बोलायला काय जातंय, असं वाटलं. राग सरांचा यायला हवा होता, आला आईचा.

मी एकटीच शिकले. चांगल्या पळणाऱ्या मुलींच्या मागे राहून त्यांची कोपरं बघायची. मग एसटी सुटेपर्यंत मैदानाच्या कडेनं सावकाश पळायचं. खांदे सैल. पावलं छोटी. पाय पुढे फेकायचा नाही, अंगाखालीच पडू द्यायचा. सकाळी पुन्हा हंडा. संध्याकाळी कमावलेलं सकाळी निम्मं पुसून जायचं. तरी हळूहळू जमलं. गुडघे दुखायचे थांबले. दम पुरायला लागला.

या वर्षीची नवीन मुलं आली. सरांनी हाक मारली. मी पळाले. नीट.

कुणी हसलं नाही. सर आता काहीतरी चांगलं बोलतील, असं मला वाटलं. खरंच वाटलं.

"अशी नाही गं. आधीसारखी पळ."

"सर, मी आता बदललंय ते."

"ते दिसलं. पण यांना चूक कशी कळणार? ती तुझी हंडावाली स्टाइल दाखव."

गेल्या वर्षी संघात असलेली एक मुलगी हळूच म्हणाली, "कर ना गं, दोन मिनिटांचं तर काम."

मी सुरुवात केली. हे लपवत नाही. मान ताठ केली, हात आवळले. अंगाला सगळं लगेच आठवलं. टाच आपटली आणि गुडघ्यात कळ गेली. पळणं एकदा शिकून भागत नाही, रोज जपावं लागतं. आणि हा माणूस ते माझ्याच पायांनी मोडायला लावत होता. मी सुधारले तर त्यांच्याकडे हसायला काही उरत नव्हतं.

मी मैदानाच्या मधोमध थांबले.

"नाही करणार, सर."

"काय?"

"चुकीचं पळणार नाही. नीट पळायला सांगा, पळते."

"मग संघाचं विसर."

"बरं."

 मी चालत रांगेत गेले, तसं पुन्हा पळाले नाही.

संघ स्पर्धेला गेला. मी नाही गेले. त्या दिवशी वर्गात बसवेना. आता सरावाच्या वेळी मला मैदानावर येऊ देत नाहीत. मी एमआयडीसीच्या रस्त्यावर पळते. शिफ्टच्या बस अंगावर धूळ उडवत जातात. पुढच्या वर्षीही सर तेच असतील, संघ तेच निवडतील. मला दुसरं कॉलेज परवडणार नाही.

तरी निवडीच्या दिवशी मी रेषेवर जाऊन उभी राहणार. काढायचं असेल तर सगळ्यांदेखत, कारण सांगून काढावं लागेल. मी आपणहून बाजूला होणार नाही.