मले काय समजते इंग्रजीतलं

हे मी सख्ख्या बहिणीलाही सांगितलेलं नाही. देवापुढे हात जोडतानाही मनातल्या मनात यावरून पुढे सरकते. तुला सांगते आहे, कारण लिहिताना कुणी तोंडाकडे पाहत नाही.

माझी शाळा चौथीला सुटली. पाचवी दुसऱ्या गावात होती — आणि आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून असायचं. म्हणजे एका वर्षाने हुकलं. पुढे मुलाची पाटी पुसता पुसता एबीसीडी ओळखू यायला लागली. पण त्यापुढे काय? विचारणार कुणाला? मी तर दुकानात साखरही हळू आवाजात मागणारी बाई.

एक गोष्ट मला आवडायची, आणि ती सांगायचीही लाज वाटते. टीव्हीवरची कुस्ती. आपल्या मातीतली नाही — ती दोरांच्या रिंगणातली, विदेशी, नाटकी. माझा गजू लहानपणी पाहायचा, मी दारामागून पाहायची. तो मोठा झाला, त्याचं सुटलं. माझं नाही सुटलं.

एका दुपारी घरात कुणी नाही म्हणून लावली होती, तर मागे सून उभी. वैशाली. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, बी.ए. झालेली. मी टीव्ही बंद करायला गेले, रिमोट सापडेना. ती हसली — पण कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी आपला फोन घेऊन माझ्याजवळ बसली. "आत्याबाई, याच कुस्तीच्या बातम्या हायेत इंग्रजीत. गोष्ट तुमाले माहीत हाय, फक्त शब्द शिकाचे राह्यले."

अशी दोन वर्षं गेली. पुरुष शेतात गेले की रोज एक बातमी. मी ती वहीत उतरवायची, वाक्यं जोडणाऱ्या शब्दांखाली ती रेघ मारायला लावायची. हाऊएव्हर दिसला की समजायचं, आता डाव उलटणार. डिस्पाइट म्हणजे गुडघा दुखावलेला असूनही गडी उतरलाच. मीनव्हाइल — इकडे हे चाललं असताना तिकडे पडद्यामागे काहीतरी शिजतंय. व्याकरणाच्या पुस्तकातून मला हे कधी कळलं नसतं. पण कोण कुणाचा वैरी ते मला ठाऊक होतं, म्हणून शब्द आपोआप जागेवर बसत. मी भाकरी थापत असले की ती मागून म्हणायची, "मामाजी जेवायले बसले, हाऊएव्हर भाजी झाली नाही!" मी पदरात तोंड घालून हसायची. त्याआधी इतकी कधी कुणाबरोबर हसले होते?

वही मी तुरीच्या डाळीच्या डब्यामागे ठेवायची.

सांगायचं ते अजून आलंच नाही. पाहिलंस ना, कशी रेंगाळते आहे मी?

वैशालीला मालेगावच्या एका शाळेतून बोलावणं आलं. शिकवायची जागा होती, सोमवारी भेटायला जायचं होतं. गजू हो-नाही करत कबूल झाला होता. तिने साडीला इस्त्री करून ती खुंटीवर टांगली. आणि रविवारी धनजहून माझे भासरे आले, नवऱ्याचे थोरले भाऊ. तीस वर्षांत मी त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता, एक शब्द बोलले नव्हते. वैशालीचा फोन दिवाणावर पडला होता. तो टिंग वाजला आणि उजळला — तेल लावलेला, उघड्या अंगाचा, एवढीशी चड्डी घातलेला गडी. नवी बातमी आली की फोनने हाक मारावी म्हणून ती घंटी मीच दाबून ठेवली होती. मीच.

भासऱ्यांनी फोन उचलला. "काय व्हय बे गजू हे? तुही बायको हे पाहते काय दिवसभर?"

गजूने फोन वर-खाली करून पाहिला. रोजच्या रोज, सगळे उघडेबंब गडी. त्याचा चेहरा लाल झाला. वैशाली चहाचा ट्रे घेऊन उभी होती. म्हणाली, "आमी इंग्रजी शिकतो त्यातून."

"आमी म्हणजे कोण?" गजूने विचारलं.

 तिने माझ्याकडे पाहिलं, एवढंच.

"आई, तू पाहते हे?"

मी स्वयंपाकघराच्या दारात होते. तीस वर्षांत पहिल्यांदा मी भासऱ्यांसमोर तोंड उघडलं — आणि म्हटलं, "मी चौथी शिकलेली बाई, बाप्पा. मले काय समजते इंग्रजीतलं?"

सगळे हसले. मी आत वळले. त्या रिंगणात जोडीची कुस्ती असते. एक लढतो, दुसरा दोराबाहेर हात पुढे करून उभा असतो. कधीकधी तो दुसरा मार खाणाऱ्याकडे नुसता पाहतो, खाली उतरतो आणि चालायला लागतो. अशा बातम्या मी चवीने वाचल्या होत्या. त्याला इंग्रजीत काय म्हणतात तेही मला येत होतं.

"उद्या कुठं जाचं नाही," गजू म्हणाला. "हे पाहणारी पोराइले काय शिकवीन?"

वैशाली कपबशा विसळायला आत आली. डाळीचा डबा तिच्या हातापासून वीतभर लांब होता. वही बाहेर नेली असती तर शब्दांपुढच्या मराठी अर्थांवरून माझं अक्षर सगळ्यांनी ओळखलं असतं. तिने डब्याला हात लावला नाही. कपबशा विसळल्या, पालथ्या घातल्या.

तू म्हणशील, घाबरली असशील. घाबरले होतेच. पण भीती किती वेळ टिकते? सोमवारी सकाळी मला कुणी काही विचारत नव्हतं. तरी उठून पहिलं काम मी काय केलं? ती वही पाणी तापवायच्या चुलीत घातली. वैशाली बादली घेऊन आली होती, तिने ती जळताना पाहिली. आणि आणखी एक — तेही लिहिते. साडी खुंटीवर तशीच दिसली, तेव्हा मला थोडं बरंही वाटलं. ती नोकरीवर गेली असती तर दुपारी माझ्याजवळ कोण बसलं असतं? खरंच, हेच आलं होतं मनात. त्यानंतर ती एकाही दुपारी माझ्याजवळ बसली नाही.

तीन वर्षं झाली. ती जागा दुसरीला मिळाली. वैशालीला फोन परत मिळाला, नोकरीचा विषय मात्र पुन्हा निघाला नाही. ती मला कधी उलटून बोलली नाही. माझं सगळं करते. आणि मी? मला रोज चौथीचंच राहावं लागतं. खताच्या पोत्यावरची ओळ, नातवाचं पुस्तक, दुकानावरची पाटी — नजर पडते, वाचून होतं, आणि मी चेहरा कोरा ठेवते.

वैशाली ते सांभाळते. घरात इंग्रजी कागद आला की सगळ्यांदेखत मला समजावून सांगते. सावकाश, एकेक शब्द, काहीच न येणाऱ्या बाईला सांगावं तसं. टोमणा नसतो त्यात. मी शोधून पाहिला.

काल माझ्या गोळ्या आणल्या. दुकानदाराने पाकिटावर इंग्रजीत लिहून दिलं होतं, ते मी हातात घेतल्या घेतल्या वाचलं. गजू समोरच बसला होता. मी पाकीट वैशालीपुढे धरलं आणि विचारलं, "जेवायच्या आधी का नंतर, वं?"

तिने पाकीट घेतलं. उजेडाकडे धरून वाचलं.

"नंतर, आत्याबाई."