करवंदीचा तोबरा

मांडवीत कमाल सोलकरला ओळखायचं ते दोन गोष्टींवरून. एक त्याचा आवाज. जेटीवर बोलला की रस्त्यावरचा रिक्षावाला मागे वळून बघतो. दुसरं त्याचं हरभऱ्याचं वेड. रोज संध्याकाळी पत्र्याच्या डब्यात हरभरे भिजत घालायचे आणि सकाळी त्यातला एक दाणा चिमटीत धरून दाबायचा. फुटला तर घोडीच्या तोंडाला बांधायच्या तोबऱ्यात, त्या खाण्याच्या पिशवीत. नाही फुटला तर घोडी आणखी तासभर उपाशी, आणि तिच्यासोबत कमालही. त्याची बायको रझिया म्हणायची, "माझ्या भाताचं शीत कधी असं दाबून बघितलंत?"

"भात खाऊन मी मरणार नाय. कोरडा हरभरा खाऊन ती मरंल."

हे तो शारजातून शिकून आला होता. चौदा वर्षं एका शेखाच्या तबेल्यात काढली. घोड्याला उलटी होत नाही, ढेकर येत नाही, आत गेलं ते गेलं, हे तिथं डोळ्यांनी बघितलेलं. परत आल्यावर त्याने एक घोडी घेतली, पिकल्या करवंदासारखी काळी. नाव करवंदी. किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवायचा. मग गावातल्या एका संस्थेने अपंग मुलांसाठी घोडेस्वारीचे उपचार सुरू केले आणि कमाल करवंदीला घेऊन तिथं गेला.

तिथं वेदिका आली. नऊ वर्षांची, अंग लाकडासारखं ताठ, मुठी आवळलेल्या. पहिले दोन महिने नुसती किंचाळायची. करवंदी कान हलवत उभी राहायची, बस. मग एका सकाळी घोडीच्या चालीबरोबर त्या पोरीचे पाय ढिले पडले आणि तिची आई योगिनी कुंपणाला धरून रडली. पाठीवरचं पोर एका बाजूला घसरायला लागलं की करवंदी आपोआप थांबायची. कमाल शपथेवर सांगायचा, "मी नाय शिकवलं ओ. तिला कळतं."

गेल्या महिन्यात संस्थेचा वर्धापनदिन होता. त्याच दिवशी पावस गावी कमालच्या पुतण्याचा, उमेरचा निकाह. जाताना कमालने भिजवलेल्या हरभऱ्याचा तोबरा भरून खुंटीला टांगला आणि संस्थेच्या अनिल सरांना दोनदा बजावलं, "ह्यातलंच द्या. दुसरं काय नाय."

पण तोबरा बांधला की घोडीचं तोंड झाकतं, आणि तोंड झाकलं की फोटो येत नाही. म्हणून तोबरा खुंटीवरच राहिला. कुणा देणगीदाराने आणलेलं कोरड्या हरभऱ्याचं पोतं अनिल सरांनी फोडलं, बादली भरली, आणि पाहुण्यांनी ओंजळी ओंजळी भरवलं. प्रत्येक ओंजळीला एक फोटो. कार्यक्रम संपला तेव्हा अर्धी बादली शिल्लक होती. सरांनी ती गव्हाणीत उपडी केली. वर, ऊन फार म्हणून टाकीवर नेऊन पोटभर पाणी पाजलं.

कमाल चारला परतला तेव्हा करवंदीचं पोट ढोलासारखं तट्ट फुगलं होतं. मान वळवून वळवून ती स्वतःच्याच कुशीकडे बघत होती. डॉक्टरने नळी घातली, इंजेक्शनं दिली. सूर्य बुडायच्या आत ती पडली. पाण्याच्या टाकीत तिच्या तोंडातून सांडलेले चार दाणे होते. ते बोराएवढे फुगले होते.

दुसऱ्या दिवशी संस्थेच्या ग्रुपवर मेसेज आला: आपल्या लाडक्या करवंदीचे वृद्धापकाळाने निधन. रविवारी शोकसभा.

"वृद्धापकाळ?" कमाल घरात गरजला. "चौदा वर्षांची घोडी! ह्यांच्या आज्यानं दात मोजले होते काय तिचे?"

रझिया शांतपणे म्हणाली, "भांडायचं तर भांडा. पण पोरांच्या देखत शिव्या नकोत."

रविवारी तो गेला. बगलेत तीच बादली, तळाला गव्हाणीतून परत गोळा केलेले मूठभर हरभरे. अनिल सरांनी त्याला दारातच बाजूला घेतलं. "कमालभाई, तुमचं दुःख समजतो. पण त्या दिवशी वेदिकानेही भरवलं होतं. माझ्याकडे फोटो आहे. तिला काय सांगणार, तुझ्या हाताने घोडी मेली?"

हा माणूस नऊ वर्षांच्या पोरीच्या आड उभा राहत होता. त्या आडोशावर आपल्याला हात उचलता येणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. कमाल शेवटच्या खुर्चीत जाऊन बसला. बादलीची कडी त्याच्या मुठीत कुरकुरत होती.

हार घातला गेला. अनिल सर माइकवर म्हणाले, "वय कुणाला चुकलं आहे? करवंदी शांतपणे गेली."

"शांतपणे?" कमाल उभा राहिला. माइकची गरजच नव्हती. "पाय झाडून झाडून गेली ती! कोरडे हरभरे भरलेत तुम्ही तिच्यात. तोबरा काय शोभेला टांगला होता?"

चाकाच्या खुर्चीतून वेदिकाने एकेक शब्द ओढत विचारलं, "कमालचाचा... मी पण... दिले. माझ्यामुळे?"

म्हणजे पोरगी आठ दिवस हे एकटीच घेऊन बसली होती! कमाल तिच्यापुढे उकिडवा बसला. "हात कर गो बाय." तिचा आखडलेला पंजा त्याने हळूहळू उघडला, तो बादलीत बुडवला. मूठ मिटली, बाहेर आली. "आता मोज."

बोटांच्या फटीत पाच दाणे अडकले होते.

"पाच," वेदिका म्हणाली.

"एवढ्यानं तिच्या दाताची फट पण भरत नाय. तुझ्या पाच दाण्यांनी ती खूश झाली, एवढंच."

योगिनीने तोंडावर पदर धरला. कमाल उठला, व्यासपीठापर्यंत चालत गेला आणि बादली अनिल सरांच्या छातीसमोर धरली.

"आता तुमचा हात घाला. बघूया किती मावतात."

सरांनी हात मागे घेतले. कुणीतरी खाकरलं. बादली तशीच हवेत होती.

मागून योगिनीचा आवाज आला, "सर, घाला हात."