बशीत पाणी येईपर्यंत

मंजूरकाकांच्या उजव्या हाताच्या तर्जनीचं नख कायम मातीनं काळं असायचं. एरवी माणूस इतका नीटनेटका, की रद्दीवाल्याशी घासाघीस करायलाही इस्त्रीचा शर्ट घालून फाटकाशी येणार. पण ते एक नख मात्र माळ्याचं. सकाळी उठल्याबरोबर, दात घासायच्याही आधी, ते बोट व्हरांड्यातल्या कुंडीत दुसऱ्या पेरापर्यंत खुपसायचे आणि आतल्या खोलीकडे तोंड करून विचारायचे, "वरची माती सुकलीय, खाली ओल आहे. घालू का?" आतून काकूंचा आवाज यायचा, "आज नको." मग काका जिन्यात उभ्या असलेल्या मला मोठ्या समाधानानं सांगायचे, "नामंजूर!"

मी फरीदाबादला त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायचे. बीडहून आलेली, एका कारखान्याच्या ऑफिसात नोकरी करणारी एकटी मुलगी. घर दाखवताना काकांनी नाव विचारलं. मी म्हटलं, "तस्नीम." आता पुढे काय येतं याची मला सवय होती, म्हणून मी पर्स सावरून उठायच्या तयारीत बसले. काकांनी आत हाक मारली, "अहो, मराठी बोलणारी भाडेकरू आलीय. काय करू?" काकू म्हणाल्या, "विचारता काय, चहा टाका." काका माझ्याकडे वळून म्हणाले, "मंजूर." तेव्हापासून त्यांचं आडनाव मी कधी वापरलंच नाही.

केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात ते अंडर सेक्रेटरी म्हणून निवृत्त झाले होते. उभा जन्म फायली वर पाठवण्यात गेला, आणि ती सवय घरीही सुटली नाही. दुधी आणायचा की भेंडी, याचाही प्रस्ताव जायचा. सही काकूंची. "मी फक्त टिप्पणी लिहितो गं," ते म्हणायचे, "डिसीजन मेकिंग बिल्कुल तिकडे."

कुंडीत होतं मे फ्लॉवर. आपल्याकडे कितीतरी अंगणांत असतं ते. वर्षभर काही नाही आणि मे महिन्यात एका दांड्यावर लालभडक चेंडू. एका कंदाला वर्षात एकच फूल. काकूंनी तो कंद लग्नानंतर सावंतवाडीहून पंच्यात गुंडाळून आणला होता. सरकारी क्वार्टर बदलत गेली, शेवटी हे घर झालं, कंद बरोबर राहिला. मूलबाळ नव्हतं. काकूंचा पाण्याचा कायदा कडक होता. चैत्रात कोंब दिसला की सुरुवात, उन्हाळ्यात रोज, दिवाळीनंतर पानं पिवळी पडली की बंद. थंडीभर एक थेंबही नाही. आणि घालायचं तर बशीत पाणी येईपर्यंत घालायचं, नुसतं तोंड ओलं करायचं नाही. काकू स्वतः येऊन कुंडीखालची बशी बघायच्या आणि जाता जाता कंदाला बोट लावून जायच्या.

मग काकू विसरायला लागल्या. आधी शब्द, मग गॅस, मग घर. एकदा मी कारखान्यातून परतले तर काकू फाटकाशी उभ्या. म्हणाल्या, "आत कोणीतरी गृहस्थ बसलेत. भले दिसतात, पण जायचं नाव घेत नाहीत." आत खिडकीशी काका त्यांच्यासाठी सफरचंद चिरत होते. ते सगळं ऐकलं होतं त्यांनी. चिरत राहिले.

पण पाण्याचं काकू चुकत नसत. नवऱ्याला ओळखत नव्हत्या त्या दिवशीही "घालू का?" म्हटलं की आतून बरोबर उत्तर यायचं. काका त्या एका उत्तरावर दिवस काढायचे. आणि त्या मे महिन्यात फूल आलं तेव्हा काकू व्हरांड्यात येऊन बसल्या, फुलाकडे खूप वेळ बघितलं, आणि लग्नातला उखाणा घेतला. काकांच्या नावासकट. फूल होतं तेवढे दिवस त्यांनी काकांना ओळखलं, रागावल्या, वरणात मीठ कमी म्हणून टोमणा मारला. फूल सुकलं आणि त्या पुन्हा गेल्या. "तेवढे दिवस माझी बायको घरी आली होती," काका म्हणाले. "आता काहीही करून पुढच्या मेपर्यंत पोचायचं." त्यानंतर ते त्या कुंडीभोवती असे वावरायचे, की बघणाऱ्याला भीती वाटावी, कंदाला काही झालं तर यांचं काय.

डिसेंबरात एका सकाळी त्यांनी नेहमीसारखं बोट घातलं. "घालू का?"

"घाला," काकू म्हणाल्या.

काकांनी पुन्हा विचारलं. "घाला म्हटलं ना. तहानलंय ते." आणि काकू बशी बघायला बाहेर येऊन उभ्या राहिल्या.

थंडीत झोपलेल्या कंदाला पाणी म्हणजे तो कुजणार, हे काकांना मी सांगायची गरज नव्हती. तरी मी सांगितलं. म्हटलं, काका, हो म्हणा आणि घालू नका, पाच मिनिटांत विसरतील.

"ती विसरेल गं. तिचा शब्द मी मोडला हे मला आठवेल ना?" त्यांनी तांब्या उचलला. "सगळी खाती काढून घेतली तिची. किल्ल्या घेतल्या, गॅस घेतला, पैसे घेतले. हे एक उरलंय. हेही घेऊ?"

त्यांनी पाणी घातलं. बशीत येईपर्यंत.

मग रोजचंच झालं. सकाळी काकू "घाला" म्हणायच्या, काका घालायचे. दुपारी काकू झोपल्या की तीच माती वाळवायची त्यांची धडपड सुरू. बाजूच्या बांधकामावरून कोरडी रेती मागून आणली. कुंडी घेऊन उन्हाच्या पट्ट्यामागे अंगणभर फिरायचे. हमरस्त्यावरच्या नर्सरीवाल्याला विचारायला गेले, तर तो म्हणाला, "अंकल, सर्दी में पानी दे कौन रहा है? रोको उसको." काका परत आले आणि मला म्हणाले, "रोको म्हणे!" एका रविवारी वर येऊन चाचरत म्हणाले, "तस्नीम, तुझा तो केस वाळवायचा ड्रायर आहे ना?" तो मी देऊनच टाकला. सुटीच्या दिवशी वरून बघायचे, तर सत्तरी ओलांडलेला माणूस पाटावर बसून कुंडीतल्या मातीवर गरम हवा सोडतोय. हसू यायचं, आणि मी चटकन कठड्यापासून मागे सरायचे.

जानेवारीत धुकं बसलं. दिवसच्या दिवस ऊन नाही, हवा धुरकट, कपडे दोरीवर सुकेनात. ड्रायर जळला. एका सकाळी काकांनी बोट घातलं आणि काही विचारलंच नाही. मी खाली गेले. त्यांनी ते बोट मला दाखवलं. त्याला माती नव्हती, पिवळट लगदा होता, घाण वास येत होता. "आत गेलं गं," ते म्हणाले. "बोट कंदाच्या आत गेलं." आणि तोंडात मफलरचं टोक कोंबून, काकू जाग्या होऊ नयेत म्हणून आवाज न करता, ते रडले. मी त्यांना धरून बसले.

दुसऱ्या दिवशी काकू बशी बघायला आल्या, वाकल्या, कंदाला बोट लावलं. मी जिन्यात उभी. "आहे," म्हणाल्या आणि आत गेल्या. मी काकांकडे बघितलं. त्यांनी ओठांवर बोट ठेवून मला जवळ बोलावलं.

"कांदा," ते कुजबुजले. "जरा मोठा बघून लावलाय."

त्या कांद्याला रोजच्या पाण्यानं पात फुटली. काकू खूश. काका मात्र पातीचा वास लपवायला व्हरांड्यात उदबत्त्या लावत सुटले. मी मे फ्लॉवरचा दुसरा कंद मिळतो का ते शोधत होते, पण काकांनी तिकडे लक्षच दिलं नाही. त्यांनी या कांद्याच्या फुलावरच सगळं लावलं होतं. एप्रिलअखेर पातीतून सरळसोट दांडा वर आला, टोकाला गोळा धरला, आणि मेच्या पहिल्या गरम वाऱ्यात तो फुलला. चेंडूच होता. आकार हुबेहूब तोच. फक्त पांढरा.

त्या सकाळी काकांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, नखसुद्धा घासून स्वच्छ केलं. काकूंना हाताला धरून खुर्चीत बसवलं आणि स्वतः समोर पाटावर बसले. मला म्हणाले, "थांब तू पण."

काकूंनी फुलाकडे बघितलं. खूप वेळ बघितलं. मग हात पुढे करून तो पांढरा गोळा हलकेच कुरवाळला.

"पिकलं हो हे," त्या म्हणाल्या. काकांचा चेहरा उजळला, ते पुढे सरकले. काकू त्यांच्याकडे बघून, परक्या माणसाशी बोलावं तशा अदबीनं म्हणाल्या, "आमच्या ह्यांचेही केस आता असेच पिकले असतील, नाही? तुम्ही पाहिलंय का त्यांना?"

काका पुन्हा पाटावर मागे सरकले.

"पाहिलंय," ते म्हणाले. "असेच दिसतात. बरे आहेत."

"बरे आहेत ना? मग झालं."

काकांनी मग बोट कुंडीत खुपसलं, दुसऱ्या पेरापर्यंत. नख पुन्हा काळं झालं.

"घालू का?" त्यांनी विचारलं.

"घाला," काकू म्हणाल्या, आणि बशीकडे बघत बसल्या.