‘आले’ की ‘आलो’

आमचे सासरे जकात खात्यातून निवृत्त झाले, पण जगाचा कारभार काही त्यांनी सोडला नाही. देशोदेशीच्या बातम्यांचं आणि व्यापारउदिमाचं एक साप्ताहिक दर आठवड्याला घरी यायचं आणि दर आठवड्याला यांचं संपादकांना पत्र जायचं. तेहेतीस पत्रं छापून आली होती. दृष्टी गेल्यावर वाचणं-लिहिणं माझ्याकडे आलं. मी वाचायचं, त्यांनी चिडायचं, मग त्यांनी सांगायचं आणि मी उतरवून घ्यायचं. मलाही मत असेल, हे त्यांच्या कधी मनातही आलं नाही.

त्या आठवड्यात लेख होता कपड्यांच्या कारखान्यांवर. जिथे मजुरी स्वस्त, तिथे कारखाने हलवणाऱ्या मालकांचं तोंड भरून कौतुक. माझा कारखाना असाच हलला होता. अकरा वर्षं मी तिथे कॉलरी शिवल्या आणि एका सकाळी कामावर गेले, तर फाटकाला कुलूप. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तरी सासऱ्यांनी सुरू केलं, धंदा म्हणजे धर्मादाय नव्हे, लेखकाचं अभिनंदन. मी ‘हं, हं’ करत राहिले आणि कागदावर भलतंच लिहिलं. जे भोगलं ते सगळं लिहिलं. खाली नाव मात्र त्यांचं घातलं, कारण माझं पत्र कोण छापणार? पाकीट टाकताना, खोटं कशाला बोलू, बरं वाटत होतं.

चौथ्या दिवशी फोन वाजला. मी साबणाच्या हातांनी धावत आले, तोवर त्यांनी उचलला होता. बटणं दिसत नाहीत म्हणून त्यांचा फोन कायम स्पीकरवर. साप्ताहिकातून पत्रं बघणारे उपसंपादक बोलत होते. पत्र फार आवडलं, सगळ्यात वर छापतोय, म्हणाले. सासऱ्यांची कळी खुलली.

“एकच शंका आहे,” उपसंपादक म्हणाले. “‘कुलूप बघून मी परत आले’ असं लिहिलंय. ‘आलो’ करू ना?”

बाकी सगळीकडे जपून पुरुषासारखं लिहिलं होतं, नेमकं त्या एका ओळीला भान सुटलं होतं.

सासऱ्यांनी त्यांना पूर्ण पत्र वाचून दाखवायला सांगितलं. पलीकडून वाचन सुरू झालं. मी चौकट धरून उभी राहिले. ओरडतील याची मला भीती नव्हती, नवराही रात्री ओरडून गप्प बसला असता. पण हा माणूस पुन्हा माझ्या हातात कागद देणार नव्हता, आणि कारखाना गेल्यापासून माझं म्हणून तेवढंच उरलं होतं. ते पत्र संपता संपेना.

“‘आले’ बरोबर आहे,” शेवटी सासरे म्हणाले. “नाव चुकलंय. पत्र माझ्या सुनेचं आहे.”

एरवी मला ‘अगं’ म्हणून हाक मारणाऱ्या माणसाने माझं नाव आडनावासकट, एकेक अक्षर सुटं करून सांगितलं. मग फोन ठेवला आणि माझ्याकडे तोंड न वळवता मला हात पुसून कागद घ्यायला लावला.

“लिही, तुझं छापून आलं की हे टाकायचं,” ते म्हणाले. “गेल्या अंकातले या बाईंचे पत्र वाचले. त्यातला एकही मुद्दा मला पटला नाही.” मग हाताने मला थांबवलं. “आणि आज मी सांगतो तेवढंच लिहायचं. तुला काय उत्तर द्यायचंय ते पुढच्या आठवड्यात दे.”